एकटीनं गाडीनं कोकण किनारा: आधी खाड्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, पुण्यात नोकरी, गाडी छोटी हॅचबॅक. शहरात आणि द्रुतगती मार्गावर चालवायची सवय आहे, घाटाची फारशी नाही. हिवाळ्यात आठ दिवस मोकळे आहेत आणि एकटीनंच शांत किनाऱ्याला जायचं आहे. घरचे नको म्हणताहेत. रस्ता कुठला, महिना कुठला, राहायचं कुठं, आणि मुळात जावं का?

जा. हे आधीच सांगते, कारण पुढं मी बऱ्याच काळज्या मांडणार आहे आणि त्या वाचून तुमचा बेत मोडावा असं मला अजिबात वाटत नाही. मी मूळची सांगलीची, म्हणजे कोकणच्या भाषेत घाटावरची. गेली सतरा वर्षं बहुतेक हिवाळ्यांत एकदा तरी एकटी गाडी घेऊन खाली उतरते. पहिल्या वर्षी माझीही गाडी छोटीच होती आणि घरच्यांचं म्हणणंही हेच होतं.

शांत किनारा म्हणून मी तुम्हाला रत्नागिरीच्या दक्षिणेला पाठवीन. अलिबाग, काशीद, दिवेआगर ही गावं शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची असतात. गणपतीपुळे आणि तारकर्लीचंही सुट्टीत तेच होतं. रत्नागिरीचा भाट्याचा पूल ओलांडला की किनारा एकदम निवांत होतो. पावस, गणेशगुळे, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, वेत्ये, नाटे, आंबोळगड, मग जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, आणि मालवण मागं टाकल्यावर भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. आठ दिवसांना एवढं पुष्कळ आहे. खरं तर जास्तच आहे, त्यातलं काही सोडावं लागेल.

नकाशात रत्नागिरी ते वेंगुर्ला हे अंतर किनाऱ्याकिनाऱ्यानं दोनशेच्या थोडं वर दिसतं. द्रुतगती मार्गाची सवय असलेला माणूस मनात म्हणतो, चार तास. हिशेब चुकतो तो इथंच. सह्याद्रीतून निघालेली नदी थोडक्या अंतरात समुद्राला भिडते आणि भिडण्याआधी तिची खाडी होते. काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला, अर्जुना जैतापूरला, वाघोटन विजयदुर्गाला, गड नदी तळाशीलला, कर्ली देवबागला, आणि अगदी टोकाला गोव्याच्या हद्दीवर तेरेखोल. मधल्या छोट्या खाड्या वेगळ्याच. दोन खाड्यांच्या मध्ये सडा असतो, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. रस्ता सड्यावरून वळणं घेत खाली पुलाशी उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा सड्यावर चढतो, पुन्हा उतरतो. पूल तोंडाशी नसेल तर खाडीच्या कडेनं आत जाऊन वळसा घालावा लागतो. समोरच्या काठावरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं आणि तिथं पोचायला तास लागतो. म्हणून किनाऱ्यावरचा दिवस मी किलोमीटरमध्ये आखतच नाही. दिवसाला एक मोठी खाडी, फार तर दोन. एवढं पाळलंत तर जेवायला, थांबायला, चुकायला आणि चुकलेलं दुरुस्त करायला वेळ उरतो. एकट्या माणसाला हा उरलेला वेळ फार लागतो, कारण आपण दमलो की चाक धरायला दुसरं कुणी नसतं.

तुमच्या आठ दिवसांची मांडणी मी अशी करीन. पहिल्या दिवशी पुणे ते रत्नागिरी, सुमारे ३०० किलोमीटर, आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. मग पूर्णगड ते आडिवरे या पट्ट्यात दोन रात्री एकाच घरी. पुढं देवगड-कुणकेश्वरकडं दोन रात्री. मग भोगवे, निवती किंवा वेंगुर्ल्याकडं दोन. परतीला सावंतवाडीवरून आंबोली घाटानं वर. वेंगुर्ल्याहून पुणे चारशेच्या आसपास पडतं. एका दमात जमतं, पण पहाटे निघायचं नसेल तर शेवटच्या दोन रात्रींतली एक कोल्हापुरात काढा. रत्नागिरीची रात्र सोडली तर तीनच मुक्काम, हे मुद्दाम सांगतेय. रोज नवं गाव, रोज नवं घर, रोज सामान काढायचं आणि भरायचं, यानं आठ दिवसांची नुसती धावपळ होते. शिवाय दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत आलं की घरातली माणसं ओळखायला लागतात. त्याचा उपयोग पुढं सांगते.

घाटाचं आता. पहिल्यांदा उतरताना आंबा घाट घ्या. मलकापूर, आंबा, साखरपा, हातखंबा असा तो रस्ता. कुंभार्लीपेक्षा मला तो नवख्या चालकाला सोपा वाटतो. मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे ना, हे विचारून घ्या. वरंध, करूळ असे घाट दरडीमुळे किंवा रस्त्याच्या कामामुळे पूर्वी बरेच दिवस बंद राहिले आहेत आणि नकाशाच्या ॲपला ते वेळेवर कळतंच असं नाही. उतरण्याचा नियम एकच, जो आमच्या वडिलांच्या पिढीतले ट्रकवाले सांगायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेकला थोडंच काम उरतं. सबंध घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या शेवटच्या वळणाला ते लागत नाहीत. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी निवू द्या, पाणी ओतू नका. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. समोरून एसटी आली तर तिला तिची जागा द्या. तिच्या चालकाला तो रस्ता तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतो.

किनाऱ्याचा रस्ता घाटापेक्षा वेगळ्या तऱ्हेनं अवघड आहे. तो अरुंद आहे. समोरून गाडी आली की एकानं साइडपट्टीवर उतरायचं, आणि पावसानं ती साइडपट्टी धुऊन नेलेली असते. डांबराची कड कधीकधी वीतभर उंच राहते आणि खाली जांभ्याचे धारदार तुकडे असतात. एका डिसेंबरात आडिवऱ्याच्या अलीकडं मी अशीच घाईनं डावं चाक खाली उतरवलं आणि टायरची बाजू चिरली. ट्यूबलेस टायरचा खिळ्यानं झालेला पंक्चर काढता येतो, बाजूची चीर काढता येत नाही. तिथं स्टेपनीच लागते. माझ्या स्टेपनीत हवा नव्हती. फोनला रेंज नव्हती. सड्यावर दुपारी एकचं ऊन होतं. चाळीसेक मिनिटांनी सायकलवरून एक आजोबा आले, त्यांनी पुढच्या नाक्यावर निरोप दिला आणि तिथून एक मुलगा मोटरसायकलवर हवेचा पंप बांधून आला. त्यानं पैसे घेतले ते फक्त पेट्रोलचे. तेव्हापासून निघण्याआधी मी चार नव्हे, पाच चाकांची हवा बघते. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत असतो. आणि आदल्या महिन्यात एकदा, घराच्या अंगणात, स्टेपनी स्वतः बदलून बघते. तुम्हीही बघा. चाकाचे नट गॅरेजच्या मशीननं आवळलेले असतात. तुमच्या पान्यानं आणि तुमच्या जोरानं ते सुटतात का, हे रस्त्यावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

आणखी एक, जे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. नकाशाचं ॲप तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून वाडीतल्या पाखाडीत नेऊन सोडू शकतं. पाखाडी म्हणजे दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये जांभ्याची फरसबंदी किंवा पायऱ्या, माणसांनी आणि गुरांनी चालायची वाट. तिच्यात गाडी शिरली की वळवायला जागा नसते. म्हणून मोठा रस्ता सोडायच्या आधी काच खाली करा आणि विचारा, "काका, गाडी जाईल ना खालपर्यंत?" तिथली माणसं उत्तर नुसतं हो-नाही देत नाहीत, कुठल्या वडाशी वळायचं तेही सांगतात. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरायचं, रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला. निम्म्याच्या खाली काटा येऊ द्यायचा नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमकार्डं ठेवा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. तीन-चार हजार रुपये सुट्ट्या नोटांत असू द्या. ऑनलाइन पैसे सगळीकडं चालतात, पण रेंज नसली की काहीच चालत नाही. गाडी माडाखाली उभी करू नका. नारळ पडला तर टप खोलवर चेपतो, काच असेल तर फुटते. माणसानंही माडाखाली चटई टाकून झोपू नये.

आणि गाडी पुळणीवर उतरवू नका. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. ओहोटीला ती सिमेंटसारखी घट्ट दिसते, मोह होतो, शिवाय इतरांच्या चाकांच्या खुणाही असतात. पण वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत किंवा भरतीचं पाणी शिरलेल्या वाळूत चाक रुततं, आणि रुतलेल्या चाकाला जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकं ते खोल जातं. ट्रॅक्टर शोधून आणेपर्यंत पाणी बोनेटला लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. खारं पाणी वायरिंगमध्ये गेलं की ती गाडी पूर्वीसारखी होत नाही. वाळूत कासवांची घरटी असतात, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं. उत्तरेला मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम सुरू झालं आणि पुढं किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी ते उचललं. विणीचा हंगाम नेमका हिवाळ्यातच असतो.

समुद्राची वेळ समजणं हे या प्रवासातलं सगळ्यांत उपयोगाचं ज्ञान आहे, आणि त्यासाठी ॲप लागत नाही, घरातलं कॅलेंडर पुरतं. जुना हिशेब असा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आली ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते, म्हणून पाऊणपट. हा हिशेब मुंबईकडं चांगला जमतो. दक्षिणेकडं जाल तशी भरती त्याच्या आधी येते, त्यामुळं मालवण-वेंगुर्ल्याला अर्धा-पाऊण तास आधीच धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. आठ दिवसांत तुम्हाला या चक्राचा बराचसा भाग बघायला मिळेल. तिसऱ्या दिवसापासून सकाळी उठून पाणी कुठं असेल हे न बघता सांगता येऊ लागतं, आणि तो आनंद मला अजून नवा वाटतो.

हे मी एका चुकीतून शिकले. राजापूर तालुक्यातल्या एका छोट्या पुळणीवरून ओहोटीच्या वेळी कातळाला वळसा घालून मी पलीकडच्या पुळणीवर गेले. तिकडं कुणीच नव्हतं, शंख-शिंपले होते, बसले. परत निघाले तेव्हा येतानाचे खडक पाण्याखाली गेले होते आणि लाटा थेट कातळावर आपटत होत्या. पोहत जायचा विचार मनात आला, तो मी मोडून काढला आणि मागच्या बाजूच्या काजूच्या बागेतून, काटेरी झुडपं तुडवत, सड्यावर चढले. दीड तास लागला. हातापायांवर ओरखडे उठले, बाकी काही झालं नाही. पण मी कुठं गेले आहे हे त्या दिवशी एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ते कळलं.

पाण्यात उतरण्याबद्दल मी कडक आहे. एकटं असताना गुडघ्यापर्यंत, त्यापुढं नाही. पोहता येतं म्हणून जाऊ नका. कोकणच्या कितीतरी पुळणींवर लाटा परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून पाणी जोरात आत ओढलं जातं. बाहेरून बघताना तोच पट्टा शांत दिसतो, कारण तिथं लाटा फुटत नाहीत, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरुडला सहलीला आलेली पुण्याची १४ मुलं बुडाली. चुकून ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडं झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडं या. खाडीच्या तोंडाशी, जसं देवबागच्या संगमावर, ओहोटीच्या वेळी पाण्यात पायसुद्धा घालू नका. गावातला माणूस "इथं उतरू नका" म्हणाला की कारण न विचारता मागं फिरायचं.

महिन्याचं सोपं आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. ऑक्टोबरात हिरवळ असते पण उकाडा जीव काढतो. होळीला तिकडं शिमगा असतो, पालख्या घरोघर फिरतात, मुंबईचे चाकरमानी गावी येतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते भरतात. मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी ठरवून जाहीर होते, बहुधा हिवाळ्याच्या शेवटी. तेव्हा त्या भागात लाखांनी माणूस येतो. कुणकेश्वरला महाशिवरात्रीला तसंच. शांतता हवी असेल तर या तारखा आधी बघा. छोट्या गावांच्या जत्रा मात्र चुकवू नका. हिवाळ्यात सिंधुदुर्गात कुठं ना कुठं रात्रभर दशावतार चालू असतो, आणि घरची मंडळी जाणार असतील तर त्यांच्याबरोबर जा. पेटी, झांज, मृदंग, थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या बायका, आणि पहाटे चहा. एकटीनं रात्री गाडी काढून जाऊ नका, सोबतीनं जा.

आता एकट्या बाईचा प्रश्न, जो तुमच्या घरच्यांचा खरा प्रश्न आहे. माझा अनुभव असा की गावातून मला त्रास झालेला नाही. दोन-तीनदा नको वाटावं असं घडलं ते बाहेरून आलेल्या, पुळणीवर पीत बसलेल्या टोळक्यांमुळं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी गजबजलेल्या ठिकाणी. म्हणून माझे काही नेम आहेत. राहायचं ते अशा घरात, जिथं मालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं. फोनवर बोलणं झालं की मी म्हणते, "घरात वहिनी किंवा काकू असतील तर त्यांच्याशी बोलू का?" दोन मिनिटांच्या बोलण्यात घर कळतं. खोलीला आतून कडी आहे का, गाडी आवारात लागते का, जेवण घरचं आहे का, हे त्यांनाच विचारते. खोली बघितल्यावर मन घेत नसेल तर आगाऊ दिलेले पैसे सोडून निघते. असं दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळी बरं वाटलं. मुक्कामाला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं. अंधार पडल्यावर सड्यावरून गाडी चालवायची नाही. गुरं रस्त्यावर बसलेली असतात, घाटात गवेही उतरतात, आणि समोरच्याचे दिवे डोळ्यांवर आले की साइडपट्टी दिसत नाही.

"एकटीच?" हा प्रश्न तुम्हाला दिवसातून चारदा येईल. टपरीवर, देवळात, घरी. पहिल्या वर्षी मला तो टोचायचा. पुढं कळलं की त्यात बहुतेक वेळा काळजी असते, आणि काही बायकांच्या आवाजात वेगळंच काही असतं. देवगडकडं एका काकूंनी मला हे विचारलं आणि माझं उत्तर ऐकल्यावर बराच वेळ गाडीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मेली इतकी वर्षां हंयच आसंय, विजयदुर्ग पण बघूक नाय." दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि त्यांच्या नणंदेला घेऊन विजयदुर्गला गेले. माझ्या एकटीच्या प्रवासातला तो सगळ्यांत चांगला दिवस होता. अनोळखी पुरुषानं रस्त्यात विचारलं तर मात्र उत्तर ठरलेलं असू द्या, "मंडळी पुढं गेलीत, मी पोचतेच आहे." तो खोटेपणा वाटून घेऊ नका. आणि फोटो त्याच दिवशी ठिकाणासकट टाकत बसू नका. घरी परतल्यावर टाका.

खाण्याचं मी फार बोलत नाही, ते तुम्हाला सापडेलच. एवढंच की जेवण सकाळी सांगून ठेवायचं असतं, हॉटेलसारखं ऐनवेळी मिळत नाही. आणि माशांचं नाव सांगून मागण्यापेक्षा "आज काय आलंय?" असं विचारावं. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मिळते. मला ती सुरमईइतकीच आवडते. सकाळी घावणे. मालवणच्या बाजूला पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर जाऊन उभ्या राहा, दोराला हात लावा.

बघायचं म्हणाल तर एकच गोष्ट आग्रहानं सांगते, कारण लोक समुद्राकडं तोंड करून निघून जातात आणि ती पाठीमागं राहते. सड्यावरची कातळशिल्पं. कशेळीला उघड्या जांभ्यावर कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरले आहेत. जवळ उभं राहून काहीच कळत नाही, नुसत्या रेघा दिसतात. हळूहळू कडेनं चालत गेलं की पाठ, सोंड, पाय जुळत जातात. बारसू, देवीहसोळलाही कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या काही कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं तरच रेघा उठून दिसतात. कोरलेल्या भागावर पाय देऊ नका, पाणी ओतून फोटो काढू नका.

तिथं जाताना बूट घाला. सडा हे फुरशाचं घर आहे. वीतभर ते हातभर लांबीचा, दगडाच्या रंगाचा, विषारी साप, आणि तो दगडाखाली असतो. दगड उचलू नका, रात्री अंगणातसुद्धा बॅटरीशिवाय फिरू नका. चावलाच तर बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. फुरशासह चार मुख्य विषारी सापांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयांत असतं. गाडी स्वतः चालवू नका, घरच्यांना हाक मारा, १०८ ला फोन करा. पोलिसांसाठी ११२. अपरात्री हाक मारल्यावर धावून येईल असं कुणीतरी लागतं, म्हणूनच एका घरी दोन रात्री राहा असं वर म्हटलं होतं.

परत आल्यावर गाडी खालून, चाकांच्या आतल्या बाजूनं, गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. खारी हवा आठ दिवसांतही पत्र्याला लागते.

राहिले घरचे. त्यांना समजावत बसू नका, एक कागद द्या. त्यावर तीन मुक्कामांची घरं, तिथल्या काकूंचे फोन, गाडीचा नंबर, आणि वाटेतल्या खाड्यांची नावं क्रमानं. ठरवून टाका की प्रत्येक मोठा पूल ओलांडून सड्यावर आलात की एक निरोप पाठवाल. खाली खाडीत रेंज नसते, वर बहुतेक ठिकाणी येते. ठरल्या वेळेच्या पुढं तीन तास निरोप आला नाही तर त्यांनी पुढच्या मुक्कामाच्या घरी फोन करायचा, आणि तिथं पोचला नसाल तर ११२ ला. त्याआधी घाबरायचं नाही.

माझ्या आईनं कोकण कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी निघताना ती माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही. कागद घेतला आणि देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवला. भाट्याचा निरोप गेला, पूर्णगडचा गेला. चौथ्या दिवशी दुपारी जैतापूरचा पूल ओलांडून वर आले, गाडी बाजूला घेतली आणि फोन हातात घेतला, तोच तिचा फोन वाजला. "जैतापूर झालं का गं? आता वाघोटन ना?"